मर्यादा कोणासाठी?

छत्रपती संभाजीनगरातील आमच्या घरी गेल्या पावसाळ्यात एक नियम झाला : रात्री आठला जपमाळ सुरू झाली की मुलांनी मोबाईल बाजूला ठेवायचा, तो सकाळीच हाती घ्यायचा. दहावीतल्या मुलीने तो निमूटपणे मान्य केला. चौथ्याच दिवशी जपमाळ चालू असताना आमचा फोन वाजला आणि आम्ही उठून बाहेर गेलो. परतल्यावर ती एवढेच म्हणाली, "बाबा, नियम फक्त आमच्यासाठीच आहे का?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. मुलांना मर्यादा घालण्याचा आईवडिलांना अधिकार आहे, यात शंका नाही. पालक हेच मुलांचे पहिले शिक्षक होत, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 साली शिक्षणविषयक घोषणापत्रात सांगितले. राज्यसंस्थाही आता या प्रश्नात लक्ष घालू लागल्या आहेत. ऑस्ट्रेलियाने 10 डिसेंबर 2025 पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली आहे. परंतु कायदा कंपन्यांना बांधतो. घरात बापाला कोण बांधणार? अधिकार असणे वेगळे आणि त्या अधिकाराला मुलांच्या मनात मान मिळणे वेगळे.

या संदर्भात आपल्याच राज्यातील दोन गावे आठवतात. यवतमाळ जिल्ह्यातील बांशी गावाने नोव्हेंबर 2022 मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईलबंदी करण्याचा ठराव केला. त्यामागील काळजी खरी होती. बंधन मात्र केवळ मुलांवर होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने निराळी वाट धरली. सायंकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजे आणि साडेआठपर्यंत घरोघरी मोबाईल व दूरचित्रवाणी बंद राही. मुले अभ्यासाला बसत, तेव्हा मोठ्यांची मालिकाही थांबलेली असे. कोरोनाकाळातील ऑनलाईन शिक्षणामुळे मुलांच्या हाती आलेला मोबाईल सुटत नव्हता. तो सोडवण्यासाठी गावाने आधी स्वतःचा खाली ठेवला. या दोन गावांतील फरकातच आमच्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आहे, असे आम्हांस वाटते.

यावर कोणी म्हणेल, मोठ्यांची गरज वेगळी असते. वाळूजच्या कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्या बापाने फोन बंद कसा ठेवावा? म्हातारी आई गावी आजारी असेल तर? हे खरेच आहे. सर्वांना सारखाच नियम असावा, असा आमचा आग्रह नाही. मात्र आपण फोन का घेतला, याचे कारण मुलांसमोर मोकळेपणाने सांगता आले पाहिजे. जे कारण सांगताना जीभ अडखळते, ते बहुधा गरजेचे नसून सवयीचे असते. त्या रात्री आमचा फोन सवयीचा होता.

आणि मर्यादेचा हेतू तरी काय? संत कार्लो अक्युटिस या मुलाला संगणकाची उत्तम जाण होती. 2006 साली पंधराव्या वर्षी तो रक्ताच्या कर्करोगाने वारला आणि 7 सप्टेंबर 2025 रोजी ख्रिस्तसभेने त्याला संतपद दिले. व्हिडिओ खेळ तो आठवड्यातून तासभरच खेळे, आणि ही मर्यादा त्याने स्वतःच स्वतःला घातली होती. आपण आज घातलेले कुंपण उद्या मुलांनी आपल्या हाताने उभारावे, यासाठीच हा खटाटोप. ते उभारणे मुले पाहून शिकतात, धाकाने नव्हे.

आता आमच्या घरातील वेदीजवळच्या फळीवर चार फोन ठेवलेले असतात. पहिल्या आठवड्यात दोनदा उठून फळीकडे गेलो, ते आम्हीच. मुलगी काही बोलली नाही. आम्ही मात्र परत येऊन बसलो.