देणे-घेणे आणि अस्तेय

आंतरजालावरील दुकानात जिन्नस निवडून झाल्यावर रक्कम चुकती करण्याची जी अखेरची पायरी येते, ती सुकर कशी करावी, हा प्रश्न सामान्यतः तंत्रज्ञांच्या हवाली केला जातो. परंतु एकाचे द्रव्य ज्या क्षणी दुसऱ्याच्या स्वाधीन होते, त्या क्षणाचा विचार आपल्या धर्मचिंतनाने फार पूर्वीच केलेला असल्यामुळे, या प्रश्नाचे उत्तर प्रथम तेथेच शोधणे मला युक्त वाटते.

पतंजलीने यमांमध्ये आणि जैन आचार्यांनी पंचव्रतांमध्ये अस्तेयाला स्थान दिले. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राने तर न दिलेले घेणे हीच चोरी मानून, खोटी वजनेमापे आणि नकली मालाचा व्यवहार यांचीही गणना गृहस्थाच्या या व्रताच्या अतिचारांत केली. याचा इत्यर्थ असा की, गिऱ्हाइकाने स्वहस्ते पैसे दिले एवढ्याने व्यवहार निर्दोष ठरत नाही; आपण काय देतो, किती देतो आणि कशासाठी देतो, याचे ज्ञान देणाऱ्याच्या ठायी जागृत असावे लागते.

आता न मागितलेला विमा अथवा देणगी आधीच खूण करून यादीत दाखल करणे, निरनिराळी शुल्के शेवटच्या पानापर्यंत दडवून ठेवणे, नसलेली टंचाई भासवून घाई लावणे, सभासदत्व एका टिचकीत देऊन ते रद्द करण्याचा मार्ग मात्र दुर्गम ठेवणे, या युक्त्या तराजूच्या दांडीला बोट लावण्याहून निराळ्या कशा म्हणाव्या? १८७२ च्या करार कायद्याने मुक्त संमतीची अट घातलीच होती. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा फसव्या रचनांचे १३ प्रकार नमूद करून त्यांना मनाई केली. परंतु कायद्याचा अंमल तक्रारीनंतर सुरू होतो, व्रताचा अंमल मात्र रचनाकाराच्या मनात, पान आखण्यापूर्वीच, असावयास हवा.

सुलभता हा दोष आहे, असे माझे म्हणणे मुळीच नाही. ॲमेझॉनला एका टिचकीतील खरेदीचे पेटंट १९९९ साली अमेरिकेत मिळाले, तेव्हापासून ग्राहकाचे श्रम वाचविण्याची जी विद्या वाढली, तिचे ऋण मान्य केलेच पाहिजे. खाते उघडण्याची सक्ती नसणे, पत्ता पुनःपुन्हा न विचारणे, दृष्टिहीनालाही कोणाच्या साहाय्याविना खरेदी पूर्ण करता येणे, ही सेवाच होय. परंतु श्रम वाचविणे वेगळे आणि विवेकाला वगळणे वेगळे. रिझर्व्ह बँकेने २००९ मध्ये कार्डाच्या ऑनलाइन व्यवहारांस आणखी एका पडताळणीची सक्ती केली ती सुरक्षिततेसाठी. तथापि त्या अल्प विलंबात माणसाला आपल्या इच्छेची रुजवात घालण्याचीही संधी मिळते, आणि ही संधी व्यापाराचे नुकसान नव्हे, त्याची प्रतिष्ठा आहे.

म्हणून दुकानदारांना आणि त्यांची पाने रचणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: एकूण रक्कम प्रारंभीच दाखवा, खुणेचे चौकोन कोरे ठेवा, आणि ग्राहकाला आत येण्याइतकेच बाहेर पडणेही सोपे करा. अस्तेयाचे व्रत आजच्या बाजारात पाळावयाचे तर त्याची सुरुवात येथूनच करावी लागेल.