भाग बदलत गेलेला संगणक आणि आत्म्याचा प्रश्न

जुन्या संगणकावर नवे गेम न अडखळता चालावेत म्हणून त्याचे भाग एकेक करून बदलले जातात. शेवटी उरतो तो संगणक जुनाच म्हणायचा की दुसरा? ग्रीक कथांतला वीर थीसिअस याच्या जहाजाची एकेक फळी बदलली गेली, तेव्हा अथेन्समध्ये हाच वाद झाल्याचे प्राचीन ग्रीक लेखक प्लुटार्क सांगतो.

२०१७ सालचा एक संगणक घेऊ: रायझन ५ १६०० प्रोसेसर, एएम४ सॉकेटचा मदरबोर्ड, ८ जीबी रॅम, जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड आणि हार्ड डिस्क. आधी हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी येते. ‘सायबरपंक २०७७’ या गेमने २०२३ पासून ती किमान गरजांतच घातली आहे. मग रॅम १६ जीबी होते. नवे ग्राफिक्स कार्ड जास्त वीज ओढत असेल, तर पॉवर सप्लायही बदलावा लागतो. तरीही सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर दर फ्रेमला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात, आणि जुन्या प्रोसेसरला अनेकदा तेवढ्यात आपले काम उरकत नाही. बायोस अपडेट केल्यावर अनेक जुन्या एएम४ बोर्डांवर २०२२ चा रायझन ७ ५८००एक्स३डी बसतो. त्यापुढे एएम५ वर जायचे तर मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम एकदमच बदलतात.

न्याय-वैशेषिक या भारतीय दर्शनांचे उत्तर कडक आहे. अवयवी, म्हणजे अखंड वस्तू, हा अवयवांहून वेगळा, त्यांच्यात समवायाने (अतूट संबंधाने) राहणारा पदार्थ. एक अवयव निघाला की जुना अवयवी नष्ट होतो, नवा उत्पन्न होतो. म्हणजे रॅमची पट्टी बदलली तेव्हाच संगणक दुसरा झाला! तर्क निर्दोष आहे, पण रोजच्या व्यवहाराला तो पेलत नाही.

‘मिलिंदपञ्ह’ या बौद्ध ग्रंथात भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो: चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? कोणताच भाग रथ नाही आणि भागांवेगळाही रथ नाही. भागांच्या आधाराने दिलेले ते व्यवहारातले नाव आहे. संगणकाला हे उत्तर अधिक लागू पडते.

इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जने १६५५ मध्ये जहाजाचा पेच वाढवला: काढलेल्या फळ्यांचेच दुसरे जहाज बांधले तर खरे कोणते? काढलेले कार्ड, रॅम आणि प्रोसेसर जोडून धाकट्या भावासाठी दुसरा संगणक उभा राहतो, तेव्हा हा पेच प्रत्यक्षात येतो. घरात मात्र कोणी गोंधळत नाही. सेव्ह केलेले गेम आणि फायली नव्या एसएसडीवर गेल्या, म्हणून ती ज्यात आहे तोच जुना संगणक. पण डिस्कची हुबेहूब प्रत दोन यंत्रांत घातली तर ही खूणही निकामी होते. विंडोज खूण हार्डवेअरमध्ये शोधते: तिचा डिजिटल परवाना हार्डवेअरशी बांधलेला असतो. मदरबोर्ड बदलला की यंत्र अनोळखी ठरू शकते. २०१६ पासून परवाना वापरणाऱ्याच्या खात्याशी जोडण्याची सोय झाली. ‘हा तोच’ असा निर्णय यंत्रात सापडत नाही, मालकाकडून येतो.

माणसाच्या बाबतीत असा बाहेरचा मालक नाही, आणि नागसेनाला रथापेक्षा माणसाविषयीच बोलायचे होते. नैयायिक आत्म्याला तो मालक मानतात: निरवयव, म्हणून नाश न पावणारा, स्मृती आणि कर्मफळ सांभाळणारा. नागसेनाच्या मते मालकाची गरजच नाही. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एकही नव्हे आणि वेगळीही नव्हे; तशाच अखंड प्रवाहातून कर्माची जबाबदारी पुढे जाते. संगणकाचे उदाहरण नागसेनाला बळ देते, पण नैयायिकाचा आक्षेप त्याने मिटत नाही: यंत्राचा प्रवाह ओळखणारा कोणीतरी बाहेर होता, माणसाचा प्रवाह स्वतःला कसा ओळखतो, हे बौद्धांना सिद्ध करावे लागते.