हिरव्या बांगडीची भट्टी

लग्नात कासार नवरीच्या हातात हिरवा चुडा भरतो, त्यातली काच बहुतेक वेळा उत्तर प्रदेशातल्या फिरोझाबादहून आलेली असते. देशातल्या काचेच्या बांगड्यांचे हे मुख्य शहर. लहान उद्योगाने वाढायचे म्हणजे काय करायचे, याविषयीचा आपला विचार गेल्या सत्तर वर्षांत कसा पालटत गेला, ते या बांगडीच्या वाटेने गेले की नीट दिसते.

सुरुवात जपणुकीपासून झाली. १९५५ मध्ये, दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या तयारीत, पुण्याचे अर्थतज्ज्ञ द. गो. कर्वे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ग्रामोद्योग आणि लघुउद्योगांच्या पाठीशी उभे राहण्याचा आग्रह धरला. थोड्या भांडवलात जास्त हातांना काम मिळावे, ही त्यामागची कळकळ खरी होती. १९६७ मध्ये ४७ वस्तू लघुउद्योगांसाठी राखीव झाल्या आणि पुढे ही यादी आठशेच्या वर गेली. पण यंत्रसामग्रीतल्या गुंतवणुकीची मर्यादा ओलांडली की सवलती सुटत. मग नवे यंत्र आणण्यापेक्षा दुसऱ्या नावाने दुसरी शेड टाकणे सोयीचे होऊन बसले. पडेल या भीतीने मूल कडेवरून खाली उतरवलेच नाही, तर ते चालणार कसे?

फिरोझाबादला खाली उतरवले ते न्यायालयाने.

३० डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ताजमहालाच्या भोवतालच्या पट्ट्यातल्या उद्योगांना कोळसा आणि कोक सोडायला सांगितले. फिरोझाबाद याच पट्ट्यात येते. इथल्या जुन्या भट्टीत मातीच्या मोठ्या कुंड्या गोल मांडलेल्या असत आणि मधल्या कोळशाच्या आचेवर काच वितळे. निकालानंतर अनेकांनी त्याच भट्टीला वायूचे बर्नर जोडले. धूर कमी झाला, पण तापलेली हवा पूर्वीसारखीच धुराड्यातून वाया जात राहिली. ‘टेरी’ या संशोधन संस्थेने स्विस सरकारच्या विकास-सहकार्यातून नवी भट्टी आखली. बाहेर पडणाऱ्या उष्ण वायूंवरच आत येणारी हवा तापवायची, ही तिच्यातली मुख्य युक्ती. २००० मध्ये ती पेटली. कोळशाच्या भट्टीच्या मानाने जवळपास निम्मी ऊर्जा वाचू लागली.

खरे नवल पुढेच आहे. शेजारच्या कारखानदारांनी ती भट्टी चालताना पाहिली, इंधनाचे बिल पाहिले, आणि स्थानिक कारागीर तशा भट्ट्या बांधायला शिकले. अहवाल वाचून हे घडले नसते. एकाच जागी वसलेल्या धंद्यात कसब कुणा एकाच्या मालकीचे राहत नाही, असे अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्येच मांडले होते. लहान कारखान्याजवळ स्वतःची प्रयोगशाळा नसते. त्याची प्रयोगशाळा म्हणजे शेजाऱ्याची शेड. म्हणून एकेका कारखान्याला सवलत देण्यापेक्षा साऱ्या वस्तीला एक चांगला नमुना, हाताशी मिस्त्री आणि तपासणीची सोय देणे जास्त मोलाचे ठरते.

तरी ही गोष्ट इथेच गोड करून संपवता येत नाही. भट्टीतून निघालेल्या काचेच्या वेटोळ्याची बांगडी होते ती घराघरांत. बायका, अनेकदा मुलेही, दिव्याच्या ज्योतीवर वाकून तिची टोके सरळ करतात, जोडतात. भट्टी सुधारली, पण ही ज्योत आणि तिच्यापुढची तुटपुंजी मजुरी तशीच राहिली. ज्या वाढीचा लाभ या हातांपर्यंत पोचत नाही तिला टिकाऊ म्हणणे अप्रामाणिकपणाचे आहे.

दरम्यान सरकारी धोरणही हळूहळू पालटत होते. वस्तूंची ती राखीव यादी संपवावी, असे लघुउद्योगांसाठी नेमलेल्या आबिद हुसेन समितीने १९९७ मध्ये सुचवले होते. प्रत्यक्षात शेवटच्या वीस वस्तू मोकळ्या व्हायला एप्रिल २०१५ उजाडले. त्या विसांत लोणची, पाव, वह्या होत्या, आणि काचेच्या बांगड्याही. लहान या शब्दाची व्याख्याही सैल होत गेली. १ एप्रिल २०२५ पासून २५ कोटींपर्यंत गुंतवणूक आणि १०० कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग ‘लघु’ गणला जातो. वाढण्याची शिक्षा आता पूर्वीइतकी जाचक उरलेली नाही.

मात्र नवी भट्टी बांधायला रोख पैसा लागतो, आणि तो बहुधा मोठ्या गिऱ्हाइकाकडे अडकलेला असतो. २००६ च्या कायद्याने सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करणे बंधनकारक केले आहे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. पण मोठ्या गिऱ्हाइकाला दुखावून पुढची ऑर्डर गमवायला लहान कारखानदार धजत नाही, आणि हे व्याज कागदावरच राहते. हा लेख वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या सहीने अशी बिले सुटतात, त्यांनी आज आपल्या टेबलावरची थकलेली बिले काढून त्यांवरच्या तारखा पाहाव्यात.