शाल घरी ठेवून ये

तुझी पत्रिका मिळाली. कागद भारी आहे. बालसाहित्य मेळावा, केज, जानेवारीचा दुसरा आठवडा. उद्घाटक, अध्यक्ष, स्वागताध्यक्ष, प्रमुख पाहुणे, विशेष उपस्थिती, निमंत्रक. चष्मा पुसून दोनदा मोजली, अकरा नावं भरली. त्यात मिसरूड न फुटलेलं एकही नाही. अगदी तळाला बारीक अक्षरात ‘विद्यार्थ्यांनी बहुसंख्येने उपस्थित राहावे’. म्हणजे लेकरांनी करायचं काय? सतरंजी भरायची आणि टाळ्या वाजवायच्या. एवढंच ना?

तुला मी सातवीत शिकवलंय. त्यामुळे ‘आदरणीय साहित्यिक’ वगैरे माझ्याकडून निघायचं नाही. राग आला तर येऊ दे.

चार पुस्तकं झाली तुझी. चारींच्या पाठीवर छापलंय, ‘मुलांशी थेट नातं जोडणारा लेखक’. बरं. ते नातं जोडलेलं एक लेकरू नावानिशी सांग. घरचं सोडून. कितवीत आहे, कुठल्या वस्तीवरचं, तुझी कुठली गोष्ट त्याला आवडली आणि कुठली नाही?

आलं का नाव तोंडात? मला वाटलंच.

15 ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाला, एका शाळेनं तुला बोलावलं होतं. मी मागच्या खुर्चीत होतो, तुला दिसलो नाही. साडेदहाची वेळ. तू आलास पावणेबाराला. लेकरं उन्हात. मग हार, शाल, नारळ, प्रास्ताविक, परिचय. मग तू उठलास आणि ‘बालसाहित्याची सद्यस्थिती’ यावर चाळीस मिनिटं बोललास. पाचवीच्या पोरांपुढं! बालकांचं भावविश्व, मूल्यसंस्कार, मोबाइलचं आक्रमण. अरे, ते भावविश्व तुझ्यासमोर मांडी घालून बसलं होतं. पायाला मुंग्या आल्या होत्या त्याच्या. एक गोष्ट सांगितलीस? एक? पुस्तक पिशवीत, पिशवी गाडीत. नंतर फोटो आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत भजी. (भजी मीही खाल्ली, खोटं कशाला बोलू.)

त्या खोलीच्या दाराशी एक पोरगी उभी होती. हातात तुझं पुस्तक, शाळेचा शिक्का मारलेलं. तू बाहेर आलास, तिच्या डोक्यावर हात ठेवलास, ‘खूप वाच हं बाळा’ म्हणालास आणि गाडीत बसलास. तिनं आशीर्वाद मागितला होता का? तिला विचारायचं होतं. तू गेल्यावर तिनं ते मला विचारलं. काय ते सांगतो, आधी तुझी रडगाणी निस्तरू दे.

‘सर, हल्लीची लेकरं वाचतच नाहीत.’ कुणी सांगितलं? कुणाच्या दप्तरात डोकावलास? तुझी पुस्तकं शाळेच्या कपाटात आहेत, कपाटाला कुलूप आहे आणि किल्ली रजेवर गेलेल्या गुरुजींच्या खिशात आहे. पोरांनी काय कडी चाटून वाचायचं?

‘सर, केजात काय होतंय? पुण्यात असतो तर...’ हो, पुण्यात फर्ग्युसनच्या मैदानावर 2023 पासून पुस्तक महोत्सव भरतो, माणूस लोटतो. मग? 2025 चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार नांदेडच्या सुरेश सावंतांना मिळाला. नांदेड काय सदाशिव पेठेत आहे? आणि अंबाजोगाई आपल्यापासून तासाभराच्या आत. 1983 साली तिथं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, व्यंकटेश माडगूळकर अध्यक्ष होते. गाव आडबाजूचं म्हणून कुणी थांबलं नाही. नाचता येईना तुला, अंगणाला कशाला बोल लावतोस?

‘मानधन देत नाहीत.’ हे बोलताना तरी जरा अडखळायचं. भिंतीवर साने गुरुजींचा फोटो लावलायस ना? गुरुजी अमळनेरच्या शाळेत होते तेव्हा वसतिगृहातल्या पोरांसाठी रोज हातानं ‘छात्रालय दैनिक’ लिहून काढायचे. नोकरी सांभाळून, पोरांची दुखणीखुपणी काढून. 1933 साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली, तर तिच्यात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. बेचाळीस रात्री. का? समोर ऐकणारं कुणीतरी बसलंय हे धरूनच तो माणूस लिहीत होता. ते गेल्यावर प्रकाशभाई मोहाडीकरांनी कथामाला उभी केली, तीही गोष्ट सांगण्यासाठीच. तुझ्या पत्रिकेत ‘परिसंवाद’ दोन आहेत. गोष्ट कुठाय?

आता तारखेकडं बघ. खरा संताप मला तिथं आलाय.

जानेवारी. तू केज तालुक्यात जन्मलास की स्वित्झर्लंडात? जानेवारीत आपल्या डोंगरपट्ट्यातल्या शाळांचे वर्ग निम्मे का असतात, हे तुला मी सांगायचं? मुकादमाची उचल घेतलेली माणसं दसरा-दिवाळीला गाड्या भरून ऊसतोडीला निघतात, ती पाडव्याच्या पुढंमागं परततात. लेकरं संगं जातात. फडात वाढं गोळा करतात, कोपीत धाकट्याला सांभाळतात. थोडी आजीजवळ मागं राहतात, हंगामी वसतिगृहात जेवतात. आणि तू नेमका त्याच महिन्यात लेकरांचा उत्सव मांडतोस! ज्यांना गोष्टीची सगळ्यात जास्त भूक, ती पंगतीतून आधीच उठवलेली. कुणाच्या सोयीनं ठरली ही तारीख? उद्घाटकांच्या. ते ‘फक्त जानेवारीतच मोकळे’ आहेत, असं तूच फोनवर म्हणालास. तुझी मावशी कारखान्यावर जायची. दुसरीत तू स्वतः चार महिने शाळा बुडवून गेला होतास. मला आठवतं आणि तू विसरलास?

तुला कळत नाही असं असतं तर मी पत्र टाकलंच नसतं. कळतं सगळं. कळून टाळतोस. कारण लेकरं अवघड असतात. मोठी माणसं कंटाळली तरी ‘वा वा’ म्हणतात, लेकरू कंटाळलं की शेजारच्याला चिमटा काढतं. त्याची तुला भीती वाटते. शाल पांघरली की ती झाकली जाते.

रत्नाकर मतकरींचं बघ. 1962 पासून बालनाट्यं करत होते, नाव होतं, काही करायची गरज नव्हती. तरी पंचाहत्तरीच्या आसपास ठाण्यातल्या वस्त्यांमधल्या पोरांसाठी ‘वंचितांची रंगभूमी’ सुरू केली. नाटकं पोरांनीच रचायची, पोरांनीच करायची, विषय त्यांच्याच गल्लीतले. मतकरी ऐकायला बसले. तू किती वर्षांचा रे? बेचाळीस? गुडघे धरले काय, सतरंजीवर बसायला?

आणि विषय नाहीत म्हणून तू परीच्या राज्यात हिंडतोस! आपल्याच तालुक्यात विड्याला धुळवडीला जावयाला गाढवावर बसवून गावभर मिरवतात. आदल्या दिवसापासून जावई दडून बसतात, गावकरी हुडकत फिरतात. एवढी पिकलेली गोष्ट दारात पडलीय. विड्याच्या एखाद्या पोराला ‘तुझा मामा कुठं लपला होता रे?’ म्हणून विचार आणि गप बस. तासभर तोच बोलेल. पण तुझ्या गोष्टीतला राजपुत्र अजून पांढऱ्या घोड्यावर.

तर त्या अकरातली दहा नावं काढ. गावात कुणी रुसलं तर मी बघतो. जानेवारीत मंडप घालू नकोस. हंगामी वसतिगृहात जा, संध्याकाळी, जेवणं झाल्यावर. वीस लेकरं पुरेत. शाल घरी ठेवून ये. आधी एक गोष्ट सांग, मग त्यांची ऐक. कुणी मधेच उठून गेलं तर तुझी गोष्ट कुठं पातळ झाली ते वहीत लिहून ठेव. मोठा मेळावा पुढच्या साली दसऱ्याच्या आधी घे, गाड्या भरायच्या आत. पत्रिकेचा खर्च वाचेल, त्यात प्रत्येक लेकरामागं एक पुस्तक होतं का हिशेब कर. फडावर जाताना भांड्यांच्या पोत्यात एक पुस्तक सहज मावतं.

आता त्या पोरीचं. तुझ्या गोष्टीत शेळीचं नाव चंद्री आहे, कुत्र्याचं नाव मोत्या आहे. शेळ्या राखणारी पोरगी मात्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत नुसती ‘एक मुलगी’. ती म्हणाली, ‘सर, तिचं नाव का नाही लिहिलं?’

मला उत्तर आलं नाही. लेखकाला विचारून सांगतो म्हणालो. दिवाळीनंतर तिच्या घराला कुलूप लागलं, पश्चिमेकडं कुठल्यातरी कारखान्यावर आहेत. पाडव्याला येईल. आली की पहिली माझ्याच दारात उभी राहील, तसलीच आहे ती. त्या दिवशी तू माझ्या ओट्यावर बसलेला पाहिजेस.