सोडून दिलेला मासा

गळाला लागलेला मासा घरी नेऊन खाणारा माणूस अधिक दयाळू, की हलक्या हाताने त्याचा गळ सोडवून त्याला पुन्हा पाण्यात सोडणारा? पाचूबंदरात किंवा अर्नाळ्यात कोणाला हा प्रश्न विचारला, तर विचारणाऱ्याच्या डोक्याविषयीच शंका घेतली जाईल. आपल्याकडे मासा धरतात तो विकायला, नाही तर खायला. हाती आलेले अन्न परत पाण्यात टाकणे याला आपल्या आयाबाया दया म्हणत नाहीत, माज म्हणतात. उत्तर अमेरिकेत मात्र असंख्य सुशिक्षित व सुस्वभावी माणसे गळाने मासे धरतात, त्यांची छायाचित्रे काढतात आणि त्यांना सोडून देतात. इतकेच नव्हे, तर मासा मारून खाणाऱ्याकडे त्यांतील काही जण किंचित तुच्छतेने पाहतात.

ही रीत फार जुनी नाही. ली वुल्फ (१९०५–१९९१) या नामांकित गळकऱ्याने १९३९ साली आपल्या पुस्तकात तिचा हिरिरीने पुरस्कार केला. झुंजार मासा एकाच्या ताटात संपण्यापेक्षा परत पाण्यात गेला, तर तो धरण्याचा आनंद दुसऱ्यालाही मिळेल, असा त्यांचा मुद्दा होता. पुढे हेच वुल्फ स्वतःचे छोटे विमान चालवीत न्यूफाउंडलंड व लॅब्राडॉरच्या दुर्गम पाण्यांवर जाऊन उतरत. विमान आणि 'सोडून देणे' या दोन गोष्टी एकाच माणसाच्या ठायी एकत्र याव्यात, हा आम्हांला निव्वळ योगायोग वाटत नाही. जिथे रस्ता पोहोचत नाही तिथे विमानाने जाणारा माणूस भुकेपोटी जात नसतो.

आम्हांला हा प्रश्न पुस्तकातून सुचला नाही. आमचे तीन वसईकर मित्र पुष्कळ वर्षांपूर्वी कॅनडात टोरोंटोच्या आसपास स्थायिक झाले. त्यांच्या आग्रहावरून एका जून महिन्यात आम्ही चौघे ओंटारियो प्रांताच्या वायव्येकडील एका तळ्यावर पाच दिवस राहून आलो. ओंटारियोत अडीच लाखांहून अधिक तळी आहेत आणि त्यांतील कित्येकांपर्यंत आजही सडक नाही. विनिपेगपर्यंत मोठे विमान, तेथून केनोरावरून रेड लेक गावापर्यंत पाचसहा तास मोटार आणि पुढे पाण्यावर उतरणारे लहान विमान, असा तो प्रवास. हे विमान 'बीव्हर' जातीचे होते. या जातीचे पहिले उड्डाण १९४७ साली झाले आणि १९६७ साली तिची निर्मिती थांबली. तरीही त्या मुलखात ती आमच्या लाल एस.टी.सारखी राबताना दिसते. चाकांच्या जागी होडीसारखे दोन लांबट पोकळ पाय, पुढे साडेचारशे अश्वशक्तीचे इंजिन आणि आत कानठळ्या बसविणारा आवाज. वैमानिकाने आमची प्रत्येक पिशवी काट्यावर तोलून घेतली. पीठ, बटाटे, कांदे, घरच्या मसाल्याची बाटली, सारे किलोच्या हिशेबात आले. चाळीस मिनिटांनी त्याने आम्हांला एका लाकडी झोपडीपुढे उतरविले, परतीचा दिवस पुन्हा एकदा बजावला आणि तो निघून गेला. विमानाचा आवाज विरल्यावर जी शांतता पसरली, तिच्यात बराच वेळ कोणीही बोलले नाही.

तेथील पाण्यात वॉलआय नावाचा मासा मिळतो. पांढऱ्या मांसाचा, काटे कमी, चवीला आपल्या शेवंडापुढे तो टिकणार नाही, पण पापलेटाशी भांडू शकेल. परवान्यानुसार माणशी चार मासे जवळ ठेवता येतात आणि त्यांतील मोठा एकच असावा लागतो. कमी शुल्काचा 'संवर्धन' परवाना घेणाऱ्यास दोनच ठेवता येतात. सोडण्यावर मात्र मर्यादा नाही. दिवसभरात शंभर धरा, शंभर सोडा.

वाद पेटला तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. आमच्यातील एक मित्र कोळीवाड्यात जन्मलेला. त्याने सकाळी तीन मासे धरले, साफ केले, दुपारी खडकावर चूल पेटवून तळले आणि नंतर काठीला हात लावला नाही. दुसरा मित्र हिशेबनीस. तो रात्री दहाच्या उजेडापर्यंत होडीत बसून होता आणि त्याने चाळीस मासे धरून अडतीस सोडले होते. पहिल्याने साधाच प्रश्न विचारला : "अरे, पोट भरलं ना सगळ्यांचं? मग आता कोणासाठी गळ टाकतोस?" हिशेबनीस मित्र हसून म्हणाला, "मी दोन खाल्ले, तू तीन. या तळ्याला जड कोण गेलं, तूच सांग." आकड्यांच्या दृष्टीने त्याचे उत्तर बिनतोड वाटत होते. पण कोळीवाड्यातील मित्राचा प्रश्न आकड्यांचा नव्हताच.

तरी आधी आकडेच पाहू. सोडलेला प्रत्येक मासा जगतो असे नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अशा मत्स्यमृत्यूंचे २७४ अंदाज एकत्र करण्यात आले. त्यांची सरासरी १८ टक्के निघाली आणि निम्मे अंदाज ११ टक्क्यांच्या वर होते. थंड आणि उथळ पाण्यात, उलटा काटा नसलेला गळ वापरल्यास प्रमाण बरेच खाली येते. मासा गळ गिळून बसला, पाणी उबदार असले, तर ते चढते. वॉलआय खोल पाण्यातून झटकन वर ओढला, तर त्याच्या शरीरातील हवेची पिशवी फुगते आणि सोडल्यावरही त्याला खाली जाता येत नाही. अडतीस माशांना ११ टक्के लावले, तर चार मासे होतात. म्हणजे हिशेबनीस मित्राच्या खात्यावर दोनाऐवजी सहा मांडावे लागतील, आणि त्यांतील चार कोणाच्याही ताटात पडलेले नाहीत. त्याने ही दुरुस्ती मान्य केली; हिशेबाच्या बाबतीत तो प्रामाणिक आहे.

माशाला वेदना होतात का, हा पुढचा प्रश्न. २००३ साली लिन स्नेडन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या ओठांत सौम्य आम्ल व मधमाशीचे विष टोचून निरीक्षणे प्रसिद्ध केली. ते मासे खाणे सोडून देत, त्यांचा श्वास वाढे आणि आम्ल टोचलेले मासे तळाच्या खड्यांवर ओठ घाशीत. याउलट, जेम्स रोझ यांनी २००२ साली असे प्रतिपादन केले होते की, माशाच्या मेंदूत ज्या भागाशी आपली वेदनेची जाणीव जोडलेली असते तो भागच नाही. तेव्हा त्याची तडफड ही केवळ प्रतिक्षिप्त क्रिया होय. हा वाद अद्याप मिटलेला नाही. परंतु नीतिशास्त्राच्या जुन्या पाठ्यपुस्तकांतील शिकारी येथे उपयोगी पडतो : झुडपात हलते आहे ते हरीण की माणूस याची खात्री नसेल, तर त्याने बाण सोडू नये. शंकेचा फायदा कोणाला द्यायचा हे आपल्या गरजेवरून ठरते. घरात खाणारी तोंडे असतील, तर शंका असूनही गळ टाकण्यास सबळ कारण आहे. निव्वळ वेळ घालविण्यासाठी तेवढे सबळ कारण दिसत नाही.

१९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथॉलिक धर्मशिक्षण ग्रंथही याच वळणाने जातो. अन्नवस्त्रासाठी प्राण्यांचा उपयोग करण्यास तो मोकळीक देतो, मात्र त्यांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेस शोभत नाही असे बजावतो. सारे ओझे त्या 'विनाकारण' शब्दावर आहे. आनंद हे कारण होऊ शकते का? स्वित्झर्लंडने आपल्यापुरते उत्तर देऊन टाकले : २००८ च्या प्राणिसंरक्षण नियमावलीनुसार सोडून देण्याच्याच हेतूने मासा धरण्यास तेथे बंदी आहे. कॅनडात नेमके तेच सभ्यतेचे लक्षण मानले जाते. दोन्ही देश स्वतःला प्राण्यांचे मित्र म्हणवितात.

आम्हांला स्वतःला आनंद गैर वाटत नाही. गळाला हिसका बसला तेव्हा आमच्या कोळी मित्राचा चेहराही उजळला होता. नांगर धरणाऱ्याला मातीच्या वासाचा आनंद होतो, सुताराला रंध्याखालून निघणाऱ्या लाकडाच्या सालींचा. हे कामाच्या सोबतीने येणारे सुख आहे. काम गळून पडावे आणि सुख तेवढे उरावे, त्यासाठी एका जिवाचे तोंड फोडावे, हे मात्र मनाला पटत नाही. तसेच, सोडण्याचेही दोन प्रकार आहेत आणि आमच्या मते त्यांची गल्लत होते. लहान पिल्लू सोडणे, अंड्यांवर आलेली मोठी मादी सोडणे, कायद्याहून जास्त झालेले सोडणे, हे बियाणे राखून ठेवण्यासारखे तळ्याप्रतीचे कर्तव्य होय. पण सोडायचेच म्हणून धरणे आणि मग सोडण्याला दया म्हणणे? एखाद्याला विहिरीत ढकलून आपणच बाहेर काढणाऱ्याने गळ्यात हार पडण्याची वाट पाहू नये.

याच्या उलट बाजूस बोलण्यासारखेही पुष्कळ आहे. हौशी गळकऱ्यांच्या परवान्यांचा पैसा तेथे मत्स्यसंवर्धनास लागतो. तळ्यावर जीव जडलेली ही माणसेच जंगलतोडीविरुद्ध व प्रदूषणाविरुद्ध प्रथम आवाज उठवितात. आणि आम्ही किनाऱ्यावरची माणसे फार वर मान करून बोलण्याच्या स्थितीत नाही. मासा खाण्यासाठीच धरला, एवढ्याने काही धुऊन निघत नाही. २०२३ साली महाराष्ट्राने रुपेरी पापलेटाला राज्यमासा घोषित केले. त्याच पापलेटाची तळहातात मावणारी पिल्ले बाजारात टोपलीच्या टोपली आलेली आपण पाहतो आणि स्वस्त पडतात म्हणून घेतोही. टोरोंटोचा गळकरी ते पिल्लू सोडून देईल.

तरीही त्या प्रदेशातील एक हकीकत या वादावर वेगळाच प्रकाश टाकते. रेड लेकच्या दक्षिणेस, केनोराच्या उत्तरेस, ओजिब्वे लोकांचे ग्रासी नॅरोज हे गाव आहे. १९६२ ते १९७० या काळात ड्रायडन येथील कागदगिरणीच्या रसायन कारखान्याने सुमारे नऊ टन पारा वाबिगून नदीत सोडला. तो माशांत उतरला. १९७० साली त्या नद्यांवरील व्यापारी मासेमारी बंद करण्यात आली, परंतु हौशी गळकऱ्यांना बंदी झाली नाही. त्यांच्यासाठी, मजेसाठी मासे धरा पण खाऊ नका, असे सांगणारे फलक लागले. त्या गावचे पुरुष तळ्याकाठच्या विश्रामगृहांत वाटाडे म्हणून काम करीत, दुपारी किनाऱ्यावर चूल पेटवून पाहुण्यांना मासे तळून देत आणि स्वतःही तेच खात. बार्नी लॅम हे त्या भागात पाण्यावरच्या विमानांची कंपनी चालविणारे गृहस्थ. बॉल लेक तळ्यावरील विश्रामगृह त्यांचे व त्यांच्या पत्नीचे होते. विषारी मासा पाहुण्यांना व वाटाड्यांना खाऊ घालणे नको आणि तो न खाता नुसते खेळणेही नको, म्हणून त्यांनी आपले चांगले चाललेले विश्रामगृह बंद केले. वाटाड्यांचा रोजगार गेला. ग्रासी नॅरोजच्या घरांतून मजेसाठी मासा धरण्याची चाल नव्हती. फलक लागले तरी तेथे चुलीवर मासाच शिजत राहिला. १९७५ साली जपानहून डॉ. मासाझुमी हाराडा तेथे आले आणि त्यांनी लोकांना तपासले. मिनामाता येथे अनेक वर्षे पाहिलेल्या पाऱ्याच्या विषबाधेची लक्षणे त्यांना या माणसांतही आढळली.