उघड्यावर झोपण्याचं सुख

माणसाला एखादा तरी छंद असावा म्हणतात. मला उघड्यावर झोपण्याचा आहे. ‘‘घराचे हप्ते वीस वर्षं फेडायचे आणि झोपायला माळावर जायचं!’’ असं आमच्या हिनं या छंदाचं एका वाक्यात परीक्षण केलेलं आहे. त्यावर अपील नाही.

तरीही वर्षातून दोन-तीनदा मी वळकटी बांधतो. तीत माझ्या जिवाभावाच्या चार वस्तू असतात. पहिली, फिरकीचा पितळी तांब्या. एसटीच्या मागच्या सीटवर बसून तुळजापूरचा घाट उतरलो तरी याच्यातलं पाणी सांडत नाही, सांडतो तो मी. दुसरी, आजोबांच्या वेळचा कंदील. रॉकेल मिळेनासं झाल्यापासून तो उजेड देत नाही, पण जुनी माणसं घरात नुसती बसून असली तरी आधार वाटतो, तसं त्याचं आहे. तिसरी, सुतळीचा गुंडा. सुतळीनं काय होत नाही? कपडे वाळतात, चपलेचा अंगठा सांधता येतो, भाकरीचं गाठोडं मुंग्यांपासून वाचवून झाडाला टांगता येतं. बँकेच्या काउंटरवरचं पेन आजवर टिकून आहे ते काही माणसाच्या सचोटीमुळे नव्हे, सुतळीमुळे.

आणि चौथी, घोंगडी. काळी, दख्खनी मेंढीच्या लोकरीची, मागावर विणून चिंचोक्याची खळ दिलेली. घोंगडी पहिली दोन वर्षं टोचते आणि मग जन्मभर सोबत करते. (इथं मी संसाराचा दाखला देणार होतो, पण हे लिखाण घरातही वाचलं जातं.) दव पडलं तरी तिच्यातली ऊब जात नाही. खाली घ्या, वर घ्या, डोक्यावरून खोळ करून पावसात चाला, कशालाही ती ना म्हणत नाही.

गेल्या हिवाळ्यात आमच्या शाखेतल्या नव्या अधिकाऱ्यानं माझ्या या वळकटीकडे पाहिलं आणि त्याला माझी दया आली. त्यानं एक तंबू मागवला होता. बटाट्याच्या पिशवीएवढ्या थैलीत दोन माणसांचं घर! नळदुर्गजवळ एका मित्राच्या शेतात मुक्काम करायचं ठरलं. दिवसा किल्ला पाहिला. बोरी नदीवरचा तो १६१३ सालचा बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल पाहिला. पावसाळ्यात बंधाऱ्यावरून नर आणि मादी असे दोन धबधबे कोसळत असतात आणि आत माणूस कोरडा बसू शकतो. चारशे वर्षांपूर्वीच्या माणसानं पाण्याच्या पोटात कोरडी खोली बांधली, आणि आम्ही दोघं पदवीधर संध्याकाळी कोरड्या रानात एक तंबू उभा करू शकेना. काड्या दहा होत्या, भोकं अकरा. ताळेबंद जुळेना. मी सवयीप्रमाणे फरकाला दोननं भागून पाहिलं, नऊनंही भागून पाहिलं.

एवढ्यात बांधावर शेताचा राखणदार येऊन उभा राहिला. सत्तरीचा म्हातारा, खांद्यावर घोंगडी. बराच वेळ आमचा खटाटोप पाहून म्हणाला, ‘‘काय करलालाव सायेब? घर पडलं काय तुमचं?’’

आम्ही हसलो. ‘‘नाही मामा, घर आहे की! धाराशिवला.’’

‘‘मंग घरात भांडण झालं आसंल.’’

‘‘तसंही नाही. हौस म्हणून आलोय.’’

‘‘हौस,’’ म्हातारा म्हणाला. तो शब्द त्यानं खोटं नाणं पारखावं तसा जिभेवर फिरवून पाहिला. मग पुढं होऊन त्यानं दोन काड्या एकमेकींत सारल्या, कापड ओढलं आणि तंबू उभा केला. अधिकारी थक्क झाला. ‘‘मामा, तुम्हाला कसं येतं हे?’’

‘‘भूकंपात दिल्ते की आमाला. लोहाऱ्याकडचा हाय मी. घरातली तिगं गेली. त्या तंबूत पाऊस काढला, थंडी काढली.’’ एवढं बोलून तो चुलीला काटक्या आणायला गेला. माझ्या तोंडचं हसू मात्र तिथंच राहिलं. ते आता कुठं ठेवावं, मला कळेना.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं हलली. आपल्याकडची जुनी घरं म्हणजे दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात थंडगार. ज्या जाडीचं आपण कौतुक करत होतो तीच अंगावर आली. मेलेल्यांचा सरकारी आकडा आठ हजारांच्या जवळ आहे. पुढं ५२ गावं उठून नव्या जागी वसली.

मी तेव्हा बारा-तेरा वर्षांचा होतो. आमच्या घराला नुसती चीर गेली, पण भीतीनं सगळी आळी कितीतरी रात्री रस्त्यावर झोपत होती. आणि लाज वाटते सांगायला, ते माझ्या लहानपणातले सगळ्यांत मजेचे दिवस होते. शाळा बंद, शेजारी मित्र, वर चांदण्या. हा उघड्यावर झोपण्याचा छंद मला तिथूनच लागला.

चौथ्या की पाचव्या दिवशी पांघरुणं गोळा करणारा ट्रक आळीत आला. घरात दोन घोंगड्या होत्या, एक नवी आणि एक विरलेली. वडील म्हणाले, ‘‘नवी दे रे आणून.’’ मी आत गेलो. नवी घोंगडी धान्याच्या कणगीमागं सरकवली आणि विरलेली आणून दिली. ‘‘नवी सापडत नाही,’’ म्हणालो. वडिलांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग स्वतःच्या अंगावरची शाल काढून ट्रकमध्ये टाकली. पुढं ती घोंगडी ‘सापडली’ तेव्हा ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

माझी लाडकी घोंगडी ती हीच.

त्या रात्री तंबूत मी जागाच होतो. उशाशी काहीतरी टोचत होतं म्हणून खिसा चाचपला तर घराची किल्ली. आणि मला वाटलं, माझी यादी चुकलेली आहे. पहिली वस्तू ही. ती खिशात आहे म्हणून घोंगडीचं टोचणं गोड लागतं, कंदिलाचा अंधारसुद्धा चालतो. आपल्याच जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीला माणसं उसाच्या फडावर जातात, ताडपत्रीच्या कोपीत चार-सहा महिने काढतात. आमच्या नव्या तंबूपेक्षा त्या कोपीला कमी कौशल्य लागत नाही. पण तिला कुणी छंद म्हणत नाही.

मग हौस करूच नये का? रात्रभर मी हा खटला दोन्ही बाजूंनी चालवला. न करून त्या म्हाताऱ्याला काय मिळणार होतं? आपण सुखानं झोपलो नाही म्हणून दुसऱ्याला काही झोप लागत नाही. पण किल्लीवाल्यानं एवढं तरी ओळखावं, की ज्याला तो हौसेची वस्तू म्हणतो, ती कुणाच्या तरी गरजेची वस्तू आहे. आपल्याकडे ती तात्पुरती ठेव आहे. मागणारा येईल तेव्हा कणगीमागं सरकवायची नाही.

पहाटे थंडी वाढली. म्हातारा चुलीपाशी बसला होता. मी घोंगडी घेऊन गेलो. ‘‘मामा, ही ठेवा तुम्हाला.’’ त्यानं ती उजेडात धरली, कसरीनं पाडलेली भोकं मोजली आणि परत माझ्या खांद्यावर टाकली. ‘‘माज्यापाशी हाय की चांगली. तुमीच घ्या सायेब, गारठलाव.’’

कर्ज इतक्या सहज फिटत असतं तर आमची बँक कधीच बंद पडली असती.

बँकेत आमच्याकडे सस्पेन्स नावाचं एक खातं असतं. रक्कम आलेली असते, पण ती कुणाची ते ठरलेलं नसतं, तोवर ती तिथं पडून राहते. ती आपली मात्र धरता येत नाही. माझी घोंगडी सध्या त्या खात्यात आहे. दर दिवाळीनंतर तिला ऊन दाखवतो, भोकं रफू करतो. आणि वळकटीत आता एक दुसरी, नवी घोंगडीही असते. ‘‘एका माणसाला दोन कशाला?’’ असं हिनं विचारलं.

‘‘एक माझी नाही,’’ मी म्हणालो.