पाखराचा वाटा

दिवा आणि पतंग यांच्यावर आपल्याकडे इतके लिहून झाले आहे की, आणखी एका पतंगाविषयी लिहिताना संकोच वाटतो. पण हे पाखरू कोणा प्रेमवेड्याचे प्रतीक नव्हे. करड्या-तपकिरी रंगाचे, नखाएवढे. रात्री उडते आणि कपाशीवर अंडी घालते. त्याची अळी म्हणजे गुलाबी बोंडअळी. भडोचच्या कपाशीवरील नमुन्यांवरून १८४३ साली त्याला शास्त्रीय नाव मिळाले; पुढे इजिप्त, मेक्सिको करीत ते १९१७ मध्ये टेक्सासला पोहोचले.

शेवगाव तालुक्यात माझ्या मामांची कपाशी असते. २००२ साली बीटी बियाणे देशात आले. त्याच्या पाकिटासोबत साध्या कपाशीचे १२० ग्रॅम बी मिळे. एका जूनमध्ये, शिकलेला भाचा म्हणून, मी त्यामागचे कारण मामांना समजावून सांगितले. हे बी शेताच्या कडेने लावावयाचे. बीटीचे विष पचविणारे पाखरू एखादेच असते. साध्या कपाशीवरच्या पाखराशी त्याची जोडी जमली, म्हणजे त्यांची पिल्ले पुन्हा विषाला बळी पडतात.

"म्हणजे वैऱ्यालाच जेवू घालायचं?" मामा म्हणाले. "आणि शेजारी कुणी लावतंय का?"

मी हिशेब केला. नुकसान एकट्या मामांचे. फायदा साऱ्या पंचक्रोशीचा. "राहू द्या, मामा," मी म्हणालो.

असे 'राहू द्या' घरोघर म्हटले गेले. त्यात हिवाळ्यानंतरही फरदड राखण्याचा मोह. अळीला अन्न कधी तुटलेच नाही. २०१७ साली महाराष्ट्रभर बोंडे किडली, मामांचीही.

दोष कोणाचा? एकट्या मामांनी कड लावून ते टळले नसते, हे खरे. पण हे प्रत्येकाबाबत खरे होते, आणि तरीही ते सर्वांनी मिळूनच घडविले. अमेरिकेतील कापूस-शेतकऱ्यांनी एकजुटीने हीच अळी हटविली. २०१८ साली तो देश तिच्यापासून मुक्त जाहीर झाला. पाखराला बांध कळत नाही. म्हणून त्याच्यापुढे एकट्याचा शहाणपणा चालत नाही.

गाईला घास, कावळ्याला पान ठेवताना शेजाऱ्याने ठेवले का, असे आपण विचारीत नाही. मग त्या जूनमध्ये मी ते का विचारू दिले?

लक्ष्मीपूजनासाठी मामी घरच्याच कापसाच्या वाती वळतात. मामांनी मला आजवर बोल लावलेला नाही. माझा हिशेब तर बरोबरच होता. तरी त्या वाती पेटताना मी मामांच्या नजरेला नजर देत नाही.